‘फोटोवाली ताई’ होण्याआधी: खान्देशात एक्स-रे, सीटी, एमआरआय शिकायला निघालेल्यांसाठी

बारावीनंतर मी रेडिओग्राफीला जाणार हे कळल्यावर आमच्या गल्लीत पहिला प्रश्न आला, “म्हंजे फोटो स्टुडिओ टाकशी का?” दुसरा प्रश्न आईला, तो जरा हळू आवाजात: “त्या लायटीनं पुढे पोरंबाळं होत नाहीत म्हणे?” पहिल्या प्रश्नावर मी हसले. दुसऱ्याचं उत्तर तेव्हा मला येत नव्हतं. आता येतं, ते पाचव्या पायरीत आहे.

मी अमळनेर तालुक्यातली. शिकले जळगावात, इंटर्नशिप केली नंदुरबारला. तिन्ही गावं एकाच सुरत–भुसावळ लाइनवर, त्यामुळे माझं निम्मं पाठांतर पॅसेंजरमध्ये झालं. मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक-दोन वर्षांची चाचपड वाचली असती, असं बरंच काही आहे. ते क्रमाने लिहिते.

१. कोर्स कोणता ते आधी पक्कं करा

“एक्स-रे टेक्निशियन, सहा महिन्यांत, शंभर टक्के नोकरी” अशा पाट्या बसस्टँडच्या आसपास दिसतील. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने त्यात पैसे घातले. त्याला प्रमाणपत्र मिळालं, लॅमिनेट केलेलं. नोकरीला गेल्यावर पहिलाच प्रश्न आला, “कौन्सिलचं रजिस्ट्रेशन?” तिथून तो परत आला.

रस्ते मुख्यतः दोन. एक पदविका. दुसरा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते: तीन वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. दोन्हींना बारावी सायन्स लागतं. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या मुलांचं ऐकून बसू नका. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि पहिल्या पानापासून वाचा.

कॉलेज बघायला गेलात की चार प्रश्न विचारा. वडिलांना विचारायला लावू नका, स्वतः विचारा:

- पदवी किंवा पदविका कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या मंडळाची?
- पास झाल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का?
- प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात? तिथे रोज किती एक्स-रे होतात? सीटी आणि एमआरआयवर मुलांना उभं राहू देतात का?
- विद्यार्थ्यांना टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) मिळतो का?

चौथ्या प्रश्नावर समोरच्याने “कसला बॅज?” असं विचारलं, तर चहा पिऊन बाहेर पडा.

हॉस्पिटल मोठं असणं इमारत चकचकीत असण्यापेक्षा महत्त्वाचं. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, भिंतीचे पोपडे निघालेले असतात, पण हात तिथेच बसतो.

२. कागदपत्रं: हा अभ्यासक्रमाचा पहिला पेपरच समजा

- दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र. लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- मेडिकल फिटनेस
- आधार, बँक पासबुक, पासपोर्ट फोटो (वीस तरी काढून ठेवा)

यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती जात वैधतेवर. त्याला महिने लागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, खासरापत्रक, काका-आत्यांची कागदं असं सगळं गोळा करावं लागतं. अकरावीतच अर्ज टाका. प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रासमोर रडणारी मुलं मी दरवर्षी बघते.

दुसरा घोळ नावाचा. आधारवर ‘भटाबाई’, दाखल्यावर ‘भाटाबाई’, आणि शिष्यवृत्ती अडकली. तिसरा बँकेचा: खातं आधारला जोडलंय एवढ्यावर समाधान मानू नका. महाडीबीटीचे पैसे आधारशी मॅप झालेल्या खात्यातच जातात, आणि ते खातं बहुतेक वेळा तुम्ही विसरलेलं, शाळेत असताना उघडलेलं निघतं. बँकेत जाऊन तेवढं विचाराच.

वसतिगृहाला नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी स्वयंम. आमच्या बॅचमध्ये अक्कलकुव्याच्या मुलीला हे दुसऱ्या वर्षी कळलं.

मूळ दाखले कॉलेजात जमा करण्याआधी रंगीत स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करा.

३. राहायचं कुठे

पहिले चार महिने मी अमळनेरहून अप-डाऊन केलं. सकाळी गाडी गाठायची, धरणगाव, पाळधी करत जळगाव, संध्याकाळी परत. थिअरीचे दिवस असतात तोवर हे जमतं. हॉस्पिटलातलं पोस्टिंग सुरू झाल्यावर जमत नाही, कारण शिकण्यासारख्या केसेस गाडीचं टाइमटेबल बघून येत नाहीत. खोली घ्यायची तर हॉस्पिटलपासून चालत जाता येईल अशी घ्या, भाडं दोनशे-तीनशे जास्त पडलं तरी. मुलींनी रात्रीचा रस्ता दिवसा नाही, रात्रीच चालून बघावा.

खाण्याचं फार सांगत नाही. रोज खानावळीतली तर्रीवाली शेवभाजी खाल्लीत तर दुसऱ्या महिन्यात स्वतःचाच पोटाचा फोटो काढावा लागेल.

४. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिक्स

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले तीन महिने वाटतं, आपण चुकीच्या वर्गात बसलोय. मलाही वाटलं. मी एक वही केली: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे घरातलं चित्र. भाकरी थापताना हात असतो तो प्रोनेशन, प्रसाद घेताना हात असतो तो सुपिनेशन. उताणं झोपणं सुपाइन, पालथं झोपणं प्रोन. मांडी घालून बसल्यावर मांडीचं हाड बाहेर फिरतं, ते एक्स्टर्नल रोटेशन. ती वही आता माझ्या मावसबहिणीकडे आहे आणि तिने त्यात माझ्या तीन चुका काढल्यात.

हाडं पाठ करायची तर पुस्तकातली नको, फिल्ममधली पाठ करा. डिपार्टमेंटमध्ये जुन्या फिल्मचा गठ्ठा असतो. रोज पाच फिल्म मागून उजेड देणाऱ्या व्ह्यू बॉक्सवर लावायच्या आणि दिसेल त्या प्रत्येक हाडाला, प्रत्येक उंचवट्याला नाव द्यायचं. मनगटातली आठ हाडं मी अशीच शिकले.

फिजिक्सला घाबरू नका, शेतातल्या मोटारीसारखं बघा. केव्हीपी (ट्यूबला दिलेला व्होल्टेज) म्हणजे पाण्याला जोर किती, एमएएस (करंट गुणिले वेळ) म्हणजे पाणी एकूण सोडलं किती. जोर वाढवला की किरणं जाड शरीरातूनही आरपार जातात, पण काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो. केव्हीपी १५ टक्के वाढवणं म्हणजे साधारण एमएएस दुप्पट करण्यासारखं, हा ठोकताळा रोज कामाला येतो. आणि अंतराचा नियम: ट्यूबपासून दुप्पट लांब गेलात की किरणं चौथाई. तोंडी परीक्षेत हा विचारतातच, पण त्याचा खरा उपयोग पोर्टेबल एक्स-रे काढताना दोन पावलं मागे सरकायला होतो.

एक सापळा आत्ताच सांगते, कारण तो जुन्या पुस्तकांत नाही. फिल्म आणि डार्करूमच्या काळात एक्सपोजर जास्त दिलं की फोटो काळाकुट्ट यायचा, चूक लगेच पकडली जायची. आता सीआर (चित्र टिपणारी चपटी पेटी, म्हणजे कॅसेट, रीडरमध्ये घालायची) आणि डीआर (चित्र थेट कॉम्प्युटरवर) आलंय. गरजेपेक्षा जास्त एक्सपोजर दिलं तरी कॉम्प्युटर चित्र सुंदर करून दाखवतो, उलट दाणे कमी दिसतात म्हणून जास्तच छान. मग हात सैल सुटतो, आणि वर्षभरात त्याच छातीला पूर्वीपेक्षा जास्त डोस जायला लागतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून चित्रासोबत पडद्यावर एक्सपोजर इंडेक्सचा (किती किरणं पोहोचली त्याचा) आकडा येतो तो पहिल्या दिवसापासून बघायची सवय लावा. आमच्याकडे सीनियर मुलंही तो बघत नसत.

५. बॅज, एप्रन आणि “पोरंबाळं”

टीएलडी बॅज म्हणजे छोटं प्लास्टिकचं कार्ड, आत तीन चकत्या. तुमच्या अंगावर किती किरणं पडली ते त्यात साठतं आणि दर तीन महिन्यांनी बॅज मोजायला जातो. नियम सोपे आहेत, पण निम्मे लोक पाळत नाहीत:

- बॅज छातीवर, लीड एप्रनच्या आत.
- दुसऱ्याचा बॅज लावायचा नाही, आपला द्यायचा नाही.
- स्वतःचा एक्स-रे काढून घ्यायचा असेल तेव्हा बॅज काढून बाहेर ठेवायचा.
- काम संपलं की बॅज किरणांच्या खोलीबाहेर, ठरलेल्या जागी.

शेवटचा नियम आमच्या एका मैत्रिणीने मोडला. बॅज एप्रनलाच राहिला आणि एप्रन एक्स-रे रूममधल्या खुंटीवर. तीन महिन्यांनी तिच्या नावावर असा आकडा आला की तिला लेखी खुलासा द्यावा लागला, आणि घरच्यांनी रडारड केली ती वेगळीच.

एप्रनची घडी घालू नका. आतल्या शिशाला तडे जातात आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या देशात हे सगळं अणुऊर्जा नियामक मंडळ बघतं. रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपर्यंत (हे किरणांच्या डोसचं माप) मर्यादा आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. छातीचा एक साधा फोटो पेशंटला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट देतो, पोटाचा सीटी ८ ते १०. टेक्निशियन त्या वेळी आडोशामागे असतो; नीट काम करणाऱ्याच्या बॅजवर वर्षभरात फारच थोडं येतं. मशीन बंद झालं की किरणं संपली, खोलीत ती धुरासारखी रेंगाळत नाहीत. माझ्या सीनियर ताईला दोन मुलं आहेत, दोन्ही दांडगट. मात्र गरोदर राहिल्याचं कळताच डिपार्टमेंटला लगेच सांगायचं असतं, ते लपवू नका. कामाची जागा बदलून मिळते.

आणि पेशंटला धरून ठेवायचं काम विद्यार्थ्याचं नाही. लहान मूल हलतंय, आजोबा थरथरतायत, तर नातेवाइकाला एप्रन घालून उभं करा. “तू जरा धर गं” असं कोणी म्हणालं तर गोड बोलून नाही म्हणा. मी पहिल्या वर्षी तीन वेळा धरलं, कारण नाही म्हणायची लाज वाटली.

६. पोझिशनिंग: हात इथेच बसतो

मशीनची बटणं दोन महिन्यांत येतात. माणसाला त्याच्यासमोर उभं करायला वर्षं लागतात, आणि नवखी मुलं वेळ मात्र बटणांवर घालवतात.

छातीचा पीए व्ह्यू (किरणं पाठीकडून छातीकडे जातात तो) घ्या, दिवसात सगळ्यात जास्त तोच येतो. छाती स्टँडला टेकवायची, पाठ ट्यूबकडे. अंतर १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट, कारण जवळून काढला तर हृदय आहे त्याहून मोठं दिसतं आणि डॉक्टर उगाच बुचकळ्यात पडतात. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, खांदे पुढे ढकललेले, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला होतात. पूर्ण श्वास. फोटोत मागच्या नऊ-दहा फासळ्या मोजता आल्या तर श्वास नीट घेतलाय.

आता हेच खरोखरच्या पेशंटवर. इंटर्नशिपमध्ये सातपुड्यातल्या धडगावकडून आलेली एक पावरा आजी होती. गळ्यात चांदीची जाड हासळी. फोटोत ती बरोबर फुप्फुसाच्या वरच्या टोकावर येणार, टीबी बघायचा तर नेमकी तीच जागा हवी. मी म्हटलं, काढा. आजीने हासळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ती स्टूलवर बसूनच राहिली. बाहेर रांग वाढत होती. शेवटी आमच्या दवाखान्यातल्या मावशीने सुनेला आत बोलावलं, आजीच्याच ओढणीच्या फडक्यात हासळी बांधली आणि सुनेच्या हातात दिली, आजीला दिसेल अशी दाराच्या काचेपलीकडे उभी करून. आजी लगेच उठली. तिला दागिना काढायचा नव्हता असं नव्हतंच; तो कुठे जाणार ते तिला दिसायला हवं होतं.

तेव्हापासून माझी यादी अशी आहे: हासळी, मंगळसूत्र, काळ्या दोऱ्यातला ताईत, ब्लाउजचे हुक, खिशातली गुटख्याची पुडी आणि नाणी, आणि वेणी. वेणी लोक विसरतात. जाड वेणी पुढून खांद्यावर राहिली की फुप्फुसाच्या टोकाला डाग असल्यासारखी दिसते. वर बांधायला सांगा. मंगळसूत्र काढायला कोणी नको म्हणालं तर वर ओढून तोंडात धरायला सांगता येतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा घामाने चिंब शर्टाच्या चुण्यासुद्धा फोटोत उमटतात, गाऊन द्या.

डावं-उजवं दाखवणारा मार्कर एक्सपोजरच्या आधी, कॅसेटवर ठेवा. “नंतर कॉम्प्युटरवर टाकू” म्हणणाऱ्यांच्या हातून एक दिवस उजवा गुडघा डावा होतो. आणि चिठ्ठीवर ‘डावा हात’ लिहिलं असलं तरी पेशंटला विचारा, कोणता दुखतोय. चिठ्ठी लिहिणारेही रात्रभर जागलेले असतात.

माझी सगळ्यात मोठी चूक कॅसेटची. सीआर असेल तिथे वापरलेली कॅसेट आणि कोरी कॅसेट बाहेरून सारखीच दिसते. एका दुपारी एका म्हाताऱ्या बाबांच्या छातीचा फोटो काढला, कॅसेट टेबलावर ठेवली, फोन वाजला. पुढचा मुलगा आला, त्याच्या खुब्याचा फोटो मी त्याच कॅसेटवर घेतला. रीडरमधून जे आलं ते बघून पोटात गोळा आला: छातीच्या फासळ्यांमध्ये खुब्याचं हाड. मुलगा समोरच होता, त्याचा परत काढला. बाबा मात्र गेले होते, धडगावची एसटी गाठायला. वॉर्डातल्या मामांच्या मोटारसायकलवर मी स्टँडवर गेले. बाबा खिडकीशी बसलेले सापडले. त्यांना उतरवलं, परत आणलं, फोटो काढला, तोवर गाडी गेलेली. ते रात्री दवाखान्याच्या ओट्यावर झोपले. पुतण्याकरवी त्यांनी मला एवढंच विचारलं, त्यांनी श्वास चुकीचा घेतला म्हणून फोटो बिघडला का. मी सांगितलं, नाही बाबा, माझ्याकडून बिघडला.

म्हणून: कोऱ्या कॅसेट उजवीकडे, वापरलेल्या डावीकडे, मधे काही ठेवायचं नाही. आणि प्रत्येक रिपीटची नोंद स्वतःच्या वहीत: तारीख, कोणता व्ह्यू, का. रिपीट म्हणजे पेशंटला दुप्पट डोस, आणि सातपुड्यातून आलेल्या माणसाचा आणखी एक दिवस, एक मजुरी. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात ३१ रिपीट होते, इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात ४.

७. बोलायचं कसं

नाव विचारताना “तुम्ही सुमनबाई ना?” असं विचारू नका. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. “तुमचं नाव सांगा, गाव सांगा” असं विचारा. नुसतं “पाटील” म्हणून हाक मारलीत तर खान्देशात अर्धी रांग उठून आत येते.

अमळनेर, धुळे, साक्री, शिरपूर भागातल्या माणसांशी अहिराणी बोललात की त्यांचे खांदे लगेच खाली येतात. “माय, कथा दुखस?” (कुठे दुखतंय?) “दम ल्या… धरी ठेवा, हालू नका… आते सोडा.” एवढं पुरतं. यावल-रावेरकडच्या लोकांशी अहिराणीचा आव आणू नका, त्यांची लेवा गणबोली वेगळी, ते हसतील. नंदुरबारला भिली, पावरी कानावर येते; मी मावशींकडून सात-आठ वाक्यं विचारून कन्सोलवर चिकटवली होती. “श्वास घ्या, धरा” हे नुसतं बोलू नका, एकदा स्वतः करून दाखवा आणि पेशंटकडून रंगीत तालीम करून घ्या. रिपीट निम्मे इथेच वाचतात.

वयात आलेल्या प्रत्येक बाईला पोटाच्या किंवा कमरेच्या फोटोआधी पाळी कधी आली होती ते विचारायचंच. सासू शेजारी उभी असेल तर आधी सासूला बाहेर पाठवा, मग विचारा. मुलांना हे विचारायला संकोच वाटतो. सिस्टरची मदत घ्या, पण प्रश्न सोडू नका.

८. सीटी आणि एमआरआय

सीटीत कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचं असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीचं काम कळतं त्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, अ‍ॅलर्जी, दमा, आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय पेशंट टेबलावर घेऊ नका. इंजेक्शन जाताना अंगातून गरम लाट जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट ऐन स्कॅनमध्ये उठून बसतो.

एमआरआयमध्ये किरणं नाहीत, म्हणून लोक ते निवांत समजतात. उलट तिथे सगळ्यात जास्त सावध राहायचं. चुंबक चोवीस तास चालू असतं. स्कॅन चालू नाही, लाइट बंद, जेवणाची सुट्टी, तरी चालूच. २०१८ मध्ये मुंबईत पेशंटच्या नातेवाइकाने ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला आणि त्यात त्याचा जीव गेला. दारातच थांबवायचं: चाव्या, पिना, मोबाइल, एटीएम कार्ड, स्ट्रेचर, सिलिंडर. पेसमेकर आणि मेंदूतली क्लिप तर विचारायचीच, पण आपल्याकडे आणखी एक विचारा: वेल्डिंगचं, लेथचं काम केलंय का, डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का. एमआयडीसीतले कामगार हे आपणहून सांगत नाहीत, त्यांच्या लेखी ती रोजचीच गोष्ट असते.

९. सोनोग्राफीच्या नादाला लागू नका

“सोनोग्राफी टेक्निशियन व्हा” अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा. आपल्याकडे सोनोग्राफी पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला होता, मग १९९४ मध्ये देशाचा पीसीपीएनडीटी कायदा आला. तुमची ड्यूटी त्या खोलीत मदतनीस म्हणून लागली तर फॉर्म, रजिस्टर, सह्या वेळच्या वेळी. बाहेर कोणी नातेवाईक पेढ्यांचा पुडा दाखवत “ताई, नुसतं हो-नाही सांगा” म्हणेल. आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही; हातवारेही नाहीत. यात जेल आहे.

१०. इंटर्नशिप आणि रात्रपाळी

रात्री येतात ते अपघात. धुळ्याजवळ मोठे हायवे एकमेकांना छेदतात, जळगावातूनही हायवेच जातो. पोलीस केस असेल तर फिल्मवर एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर, रजिस्टरमध्ये ओळखखूण, आणि फिल्म कोणाला दिली त्याची सही. वय ठरवण्यासाठी मनगट, कोपर, कमरेचे फोटो पोलीस मागतात. ते कोर्टात जातात, तिथे मार्कर पुसट असून चालत नाही. मानेला मार असेल तर कॉलर काढायची नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मान वळवायचीही नाही, मग फोटो कसाही येवो.

नंदुरबारला सिकलसेलची (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलं खुब्याच्या फोटोसाठी येतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पोहोचत नाही आणि ते झिजतं. तेरा-चौदा वर्षांचं पोर लंगडत येतं. पाय आत वळवायला पुस्तकात पंधरा अंश लिहिलंय. त्याला पाच अंशांतच कळ येते. ओढू नका. जेवढा वळेल तेवढ्यावर फोटो घ्या आणि चिठ्ठीवर तसं लिहा.

टीबीच्या संशयितांसाठी एन-९५ मास्क स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवा, डिपार्टमेंटचे संपलेले असतात.

पहिल्या दिवशी खिशात: स्वतःच्या नावाची अक्षरं असलेले मार्कर, चिकटपट्टी, छोटी वही, अंतर मोजायचा टेप, दोन पेनं (एक कोणीतरी नेणारच), बिस्किटाचा पुडा.

११. परीक्षा आणि नोंदणी

थिअरीला सगळे अभ्यास करतात, नापास होतात प्रॅक्टिकलच्या तोंडीत. परीक्षक फिल्म लावून विचारतात, “यात चूक काय?” रिपीटची वही इथे सोन्यासारखी कामी येते, कारण चुका तुम्ही स्वतः केलेल्या असतात. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या. सर बदलून जातात, आणि मग त्यांच्या मागे धुळे-नाशिक फिरावं लागतं.

पास झाल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी करा. त्यासाठी गुणपत्रिका आणि इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला लागतो. शिवाय आजवरच्या टीएलडी बॅजच्या नोंदींची प्रत मागून घ्या. पुढच्या ठिकाणी तुमचा आधीचा डोस दाखवायला ती हवी, आणि एकदा गाव सोडलं की ती शोधून द्यायला तिथे कोणाला वेळ नसतो. इंटर्नशिपच्या दाखल्यावर शिक्का बसून तो हातात येईपर्यंत खोलीचं डिपॉझिट परत मागू नका. माझा दाखला तेवीस दिवसांनी आला, आणि त्यातले अठरा दिवस मी मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काढले.